काडतूस सारखं, चेंबर वेगळं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत अमेरिकेतल्या बंदुकांवर लेख होता, त्यात लिहिलंय की ५.५६ नाटो आणि .२२३ रेमिंग्टन ही काडतुसं म्हणजे एकच, फक्त एक मिलिटरीचं नाव आणि एक दुकानातलं. दारूगोळा फॅक्टरीत तपासणीला आयुष्य गेलंय माझं, त्यामुळे राहवलं नाही.

दोन्ही काडतुसं शेजारी ठेवली तर मलाही बुडाचा शिक्का वाचावा लागेल, इतकी सारखी दिसतात. खरी गोम रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत आहे. नळीत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) सुरू होण्याआधी थोडी मोकळी जागा असते, ती ५.५६ च्या चेंबरमध्ये लांब आणि .२२३ मध्ये आखूड. मिलिटरीचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये मारलं की गोळी लगेच आट्यांना भिडते आणि मागे प्रेशर चढतं. दरवेळी काही स्फोट होत नाही, पण प्रायमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी) चपटा होतो नाहीतर निघून ट्रिगरच्या भागात पडतो आणि मग रायफल अडकते. उलटं मात्र चालतं, ५.५६ च्या रायफलमध्ये .२२३ खुशाल मारा.

आता आकडे. .२२३ ला ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि ५.५६ ला ६२,००० असं सगळे छापतात, पण अमेरिकन पद्धतीत प्रेशर काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या मधल्या भागात मोजतात आणि नाटोवाले पुंगळीच्या तोंडाशी, मग वजाबाकी करायची कशी?

याहून मोठा घोळ ७.६२ नाटो (मिलिटरीचं) आणि .३०८ विंचेस्टर (दुकानातलं) या जोडीचा. जुन्या कागदात ७.६२ ला ५०,००० आणि .३०८ ला ६२,००० वाचून लोक घाबरतात. पहिला आकडा कॉपर क्रशरचा आहे हो! नळीला भोक, त्यात पिस्टन, त्यावर तांब्याचा छोटा तुकडा, फायर केलं की तो चेपतो, मग मायक्रोमीटरने उंची मोजून तक्त्यात प्रेशर बघायचं. तांबं चेपायला वेळ घेतं म्हणून आकडा कमी येतो. ६२,००० हा दाब पडताच विजेचा इशारा देणाऱ्या क्रिस्टलच्या सेन्सरचा आहे, तेच .३०८ क्रशरवर ५२,००० भरतं. म्हणजे प्रेशरचा फरक किरकोळ, काळजी आहे ती वेगळीच. मिलिटरी चेंबर जरा ढिला असतो आणि दुकानातल्या .३०८ ची पुंगळी बऱ्याचदा पातळ, ती ताणून फाटू शकते. आपल्या इशापूरच्या कारखान्याची ६२ च्या युद्धानंतरची ७.६२ बोल्ट रायफल (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) अमेरिकेत लष्करी सरप्लसमध्ये विकली गेली, तिच्यात .३०८ मारावं का यावर अमेरिकन लोक अजून हमरीतुमरीवर येतात. (ती म्हणे जुनी .३०३ रायफलच, फक्त नळी बदललेली! तसं नाही, स्टील चांगलं वापरलं होतं.)

आपल्याकडे साध्या लायसन्सवर ही मिलिटरी बोअरची हत्यारं मिळत नाहीत म्हणून इथे कुणाचं बिघडणार नाही, पण पेपर आता फोनवर टेक्सासातही वाचतात. माझ्या भाच्याकडे .२२३ ची बोल्ट रायफल आहे, त्याने स्वस्त म्हणून ५.५६ चा अख्खा डबा आणला आणि आपल्या लेखाचा फोटो मला पाठवून विचारलं, मामा चालेल ना? नळीवर काय कोरलंय त्याचा फोटो पाठव म्हटलं, तर नुसतं .२२३ रेमिंग्टन. दुकानदार डबा परत घेईना, शेवटी ५.५६ चेंबरवाल्या मित्राला अर्ध्या पैशात देऊन टाकला.

छोटी दुरुस्ती छापलीत तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त वाचक, खडकी