चिऊ, तुझं रीडिंग बरोबर आहे

प्रिय चिऊ,

काल फोनवर तुझा आवाज एवढासा झाला होता. कॉपर ॲसिटेटचा मोमेंट, म्हणजे तांब्याच्या एका अणूमागे चुंबकत्व किती त्याचा आकडा, 1.4 आला, एका सुट्या इलेक्ट्रॉनचा 1.73 यायला हवा होता, बाबा मी सॅम्पल बिघडवलं म्हणालीस, आणि मला रात्री नीट झोप नाही लागली. अगं काही बिघडवलं नाहीस.

एमएस्सीला माझंही अगदी हेच झालं होतं, गूय बॅलन्सची (चुंबकाजवळ सॅम्पलचं वजन किती बदलतं ते दाखवणाऱ्या तराजूची) ट्यूब टेबलावर आपटून आपटून पावडर परत भरली, तीनदा वजन घेतलं, मॅग्नेट लावला की वजन वाढायचं पण हवं तितकं नाही, शेवटी ते निळसर हिरवं सॅम्पल मी फेकून दिलं. मला कोणी सांगितलंच नाही की त्यात तांबं जोडीनं असतं! चार ॲसिटेटनी बांधलेले दोन अणू, मधे जेमतेम 2.6 अँगस्ट्रॉम, दोघांकडे एकेक सुटा इलेक्ट्रॉन आणि त्यांचे स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनची इवलीशी चुंबकं, एकमेकांच्या उलट, म्हणून रूम टेंपरेचरलाच मोमेंट कमी भरतो आणि थंड केलं की आणखी घसरतो. 1951 मध्ये गुहा नावाच्या संशोधकांनी हे मोजलं, 1952 मध्ये ब्लीनी आणि बॉवर्सनी ईपीआरवरून, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या तंत्रानं, जोडी ओळखली, आणि एक्स-रे रचना आली 1953 ला. चुंबकानं आधी सांगितलं बघ, मला हे फार आवडतं.

आता तुझं बायपिरिडीनवालं हायड्रॉक्सो कॉम्प्लेक्स, जिथे दोन तांब्यांमधे ऑक्सिजनचा पूल असतो. तिथे सगळा खेळ तांबं-ऑक्सिजन-तांबं कोनाचा, साधारण 97.5 अंशाच्या खाली स्पिन एका दिशेला, वर गेलं की उलटे. तेव्हा तिथे कोन लहान असला आणि मोमेंट जास्त आला तरी घाबरू नकोस.

त्याच्या सीव्हीत, म्हणजे व्होल्टेज बदलत करंट मोजताना, दोन वेव्ह दिसल्या तर घाईनं एक खोडू नकोस. पहिल्या तांब्यानं इलेक्ट्रॉन घेतला की शेजाऱ्याला घेणं अवघड जातं, म्हणून दुसरी वेव्ह आणखी निगेटिव्ह व्होल्टेजला येते. आजी कुर्ल्या साफ करायची तेव्हा तुटलेल्या नांगीतून निळसर पाणी यायचं, आठवतं? ते त्यांचं रक्त, आणि त्यातही जोडीचंच तांबं, ऑक्सिजन नसला की बिनरंगी, ऑक्सिजन धरला की निळं, आणि दोन्ही तांबी कॉपर टू, म्हणजे एकेक सुटा इलेक्ट्रॉनवाली, असूनही ईपीआरला गप्प.

लिक्विड नायट्रोजन मिळाला की ॲसिटेट 77 केल्विनला परत घे. नुसतं एकेकटं तांबं असतं तर मोमेंट थंडीतही 1.73 च्या आसपासच राहिला असता, तुझा कोसळेल. आकडा आला की आधी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझा बाबा