रस्ता करतानाच बसथांबा करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्त्यांची कामे चालू आहेत. शहर वाहतुकीचा विषय निघाला की बोलणे मेट्रो निओ (रबरी टायरवर उंच मार्गावरून धावणारी विजेची बस-मेट्रो) आणि इलेक्ट्रिक बसवर जाते. मेट्रो निओसाठी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपये जाहीर झाले होते. अजून एकही खांब उभा राहिलेला नाही. महापालिकेच्या सिटीलिंक सेवेची बस मात्र 8 जुलै 2021 पासून धावते आहे. ती वेळेवर यावी आणि म्हाताऱ्या माणसालाही तिच्यात चढता यावे, यासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे थांबा. त्याबद्दल हे पत्र.

गर्दीच्या वेळी कुठल्याही मोठ्या थांब्यावर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. शेडसमोर तीन-चार रिक्षा आणि एखादी हातगाडी असते. बस फुटपाथला लागतच नाही, दुसऱ्या लेनमध्ये तिरकी उभी राहते. प्रवासी रस्त्यावर उतरून तिच्याकडे धावतात आणि फुटपाथ व बसच्या फटीतून दुचाक्या घुसतात. लो-फ्लोअर बसची आतली फरशी रस्त्यापासून सुमारे 400 मिलिमीटर उंच असते, सेमी-लो-फ्लोअरची सुमारे 650. बस 150 मिलिमीटरच्या फुटपाथला चिकटून लागली तर तेवढी चढण कमी होते. रस्त्यातून चढायचे म्हटले की गुडघे दुखणारी बाई दांडा धरून स्वतःला वर ओढते, मागे रांग खोळंबते आणि बसही.

या खोळंब्याचा हिशेब करून पाहा. समजा निमाणी ते नाशिकरोड जाण्यायेण्याची फेरी, दोन्ही टोकांच्या विश्रांतीसह, 100 मिनिटांची आहे. दर दहा मिनिटांनी बस द्यायची तर 10 गाड्या लागतात. दोन्ही दिशांचे मिळून 40 थांबे धरले आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट वाया गेला, तर फेरी 120 मिनिटांची होते. आता त्याच सेवेला 12 गाड्या लागतील. दोन जादा गाड्या, त्यांचे चालक-वाहक, त्यांचा गॅस, सगळे खर्ची पडूनही प्रवाशाला एकही जास्तीची फेरी मिळत नाही. गाड्या वाढवल्या नाहीत तर अंतर बारा मिनिटांवर जाते. शिवाय उशिरा आलेल्या बससाठी थांब्यावर जास्त लोक साठतात, म्हणून ती आणखी रेंगाळते आणि मागची रिकामी बस तिला गाठते. अर्धा तास काही नाही आणि मग दोन बस एकदम, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच जन्माला येते.

थांबा कुठे असावा, याचेही शास्त्र आहे. सिग्नलच्या अलीकडे असला तर माणसे चढेपर्यंत हिरवा दिवा निघून जातो आणि डावीकडे वळणारे बसच्या पुढ्यात शिरतात. म्हणून थांबा चौक ओलांडल्यावर 30-40 मीटरवर घ्यावा. रस्त्यातून आत खोबणी काढून बस-बे करण्याची आपल्याकडे हौस आहे. ती खोबणी रिक्षा आणि पार्किंगने भरते, आणि आत गेलेल्या बसला परत वाहतुकीत कोणी घेत नाही. कडेला पार्किंग असलेल्या रस्त्यावर उलट करावे. थांब्यापुरता फुटपाथच पार्किंगच्या रुंदीइतका पुढे काढावा. बस आपल्या लेनमध्येच राहते आणि सरळ फुटपाथला लागते. 12 मीटरच्या बसला नीट लागायला सुमारे 25 ते 30 मीटर सरळ, मोकळी कड हवी. शेअर रिक्षांना हुसकावून हा प्रश्न सुटणार नाही. सिडको वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांतून माणसे मुख्य रस्त्यावर त्याच आणतात. त्यांना थांब्याच्या पुढे 20 मीटरवर आखलेली स्वतंत्र जागा द्यावी.

जमिनीचे काम सगळ्यात जास्त बिघडते. बस रोज एकाच जागी ब्रेक दाबते. उन्हाने मऊ झालेले डांबर त्या ताणाने पुढे सरकते, लाट उठते, पावसाळ्यात तिथे तळे साचते आणि मग चालक थांबा टाळून पुढे बस उभी करतो. तिथे डांबर नकोच. 3 मीटर रुंद, 25 मीटर लांब, किमान 200 मिलिमीटर जाड, एम-40 या मजबूत प्रतीच्या काँक्रीटचा पट्टा घालावा आणि पाण्याचा उतार थांब्यापासून दूर काढावा. पेव्हर ब्लॉक खचतात ते ब्लॉक वाईट असतात म्हणून नव्हे, तर खालचा मुरूम न दाबता त्यावर कच पसरतात म्हणून. वर्षभरात केबलवाला ते उकरतो, हा दुसरा घाव. म्हणून आधी ड्रेनेज आणि केबलचे पाइप, मग काँक्रीट, मग फुटपाथ, आणि शेड सगळ्यात शेवटी. शेडच्या मागे किंवा पुढे चालायला 1.8 मीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसने निवासी भागासाठी सांगितलेली ती किमान रुंदी आहे.

इलेक्ट्रिक बस याव्यातच. पण दिवसाला 200 किलोमीटर धावणारी 12 मीटरची बस साधारण 200 ते 250 युनिट वीज खाते. 50 बस रात्रीच्या पाच-सहा तासांत चार्ज करायच्या तर डेपोला दोन मेगावॉटच्या आसपास भार लागेल. तेवढा वीजजोड गाड्या येण्याआधी मंजूर हवा.

महापालिकेकडे मागणी एकच आहे. चालू असलेल्या प्रत्येक रस्त्याच्या अंदाजपत्रकात थांबा ही स्वतंत्र बाब घ्यावी. काम ताब्यात घेताना अभियंत्याने टेप लावून कडेची उंची, मोकळी रुंदी आणि लांबी मोजावी, बादलीभर पाणी ओतून उतार पाहावा आणि एक रिकामी बस आणून लावावी. दरवाजा आणि फुटपाथ यांच्यात वीतभराहून जास्त अंतर राहिले तर त्या बाबीचे देयक थांबवावे.

आपला,
वाहतूक नियोजनाच्या कामातील एक वाचक, नाशिक