जादा तास शाळेतच मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुटल्यावर मुलांना क्लास लावावा की नाही, हा प्रश्न आता केवळ शहरांचा राहिलेला नाही. आमच्या हर्णै परिसरातही तिसरी-चौथीतली मुले शाळेतून येतात, दोन घास पोटात ढकलतात आणि लगेच क्लासला पळतात. पावसाळ्यात ती परतेपर्यंत पाखाडीवर काळोख झालेला असतो.

मी प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात शेजारचा चौथीतला मुलगा वही घेऊन आमच्या पडवीत आला. ४०३ मधून १५८ वजा करायचे होते आणि त्याने उत्तर लिहिले होते ३५५. तीनातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातून तीन वजा केले होते आणि शून्यातून पाच जात नाहीत म्हणून पाच तसेच खाली उतरवले होते. वर्षभर क्लासला जाऊनही वहीत पानोपानी हीच चूक होती आणि तिच्यावर लाल फुली होती, परंतु शेजारी बसून त्याची अडचण कोणी पाहिलेली दिसत नव्हती. माडाच्या हिरांचे तुकडे करून आम्ही दहा-दहाचे गठ्ठे बांधले, शंभराचा मोठा गठ्ठा सोडून दशक मोकळे केले, आणि चौथ्या संध्याकाळी त्याने २४५ हे उत्तर स्वतःहून काढले. त्याला आणखी गणिते नको होती, त्याची वही वाचणारे माणूस हवे होते.

पालकांना मी दोष देत नाही. आई संध्याकाळी बंदरावर मासळीच्या लिलावाला असते, वडील बोटीवर असतात, तेव्हा मूल कोणाच्या तरी नजरेखाली राहावे हीसुद्धा क्लास लावण्यामागची खरी गरज आहे. शिवाय दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अव्वल असतो, त्यामुळे आपले मूल मागे पडेल ही धास्ती चौथीपासूनच घरात शिरते.

मात्र शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचेच कर्तव्य आहे, आणि कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई केली आहे. म्हणजे ज्या मदतीसाठी पालक दरमहा फी मोजतात, ती शाळेकडून विनामूल्य मिळणे अपेक्षित आहे. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा केवढा बोजा असतो, हे मी स्वतः भोगले आहे. तो कमी केल्याखेरीज हे घडणार नाही, हेही खरे.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की, येत्या सभेत त्यांनी अडलेल्या मुलांची नावे वर्गशिक्षकांकडून मागून घ्यावीत, त्यांच्यासाठी आठवड्यातून तीन दिवस शाळेतच एक तास ठरवून घ्यावा आणि बाकीच्या मुलांना संध्याकाळी खेळायला मोकळे सोडावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी