‘नवी माशी’ म्हणजे नेमके काय, ते बातमीत यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका परदेशाच्या कीटकसूचीत सॉफ्लाय, म्हणजे करवत माशी, या गटातील काही जातींची प्रथमच नोंद झाल्याची छोटी बातमी आपल्या अंकात वाचली. मराठी दैनिकाने असल्या विषयाला जागा दिली याचा आनंद आहे. परंतु मथळ्यात ‘नव्या माशीचा शोध’ असे छापल्यामुळे ही माशी शास्त्राला आजवर ठाऊकच नव्हती, किंवा ती परवापरवा कोठून तरी त्या देशात शिरली, असा वाचकाचा समज होतो. बहुतेक वेळा या दोहोंपैकी काहीच घडलेले नसते. त्या जातीचे वर्णन एखाद्या शेजारी देशातील नमुन्यावरून फार पूर्वीच झालेले असते आणि ती माशी या देशातही पिढ्यान्‌पिढ्या नांदत असते. फक्त तिला पकडून, ओळख पक्की करून, नमुना जपून ठेवून तसे कोणी प्रसिद्ध केलेले नसते. अशी नोंद माशीच्या हालचालीपेक्षा माणसाने कोठे पाहिले आणि कोठे पाहिले नाही याविषयीच अधिक सांगते.

करवत माशी ही घरमाशीच्या कुळातली नव्हे. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या ज्या हायमेनॉप्टेरा गणात येतात, त्याच गणातील हा फार जुना गट असून गांधीलमाशीसारखी बारीक कंबर त्याला नसते. जगभरात त्याच्या आठ हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. मादीच्या पोटाच्या टोकाशी दातेरी अवयव असतो. त्याने ती पानाचा किंवा कोवळ्या देठाचा पापुद्रा चिरते आणि त्या चिरेत अंडे ठेवते. अनेक जातींची खात्रीची ओळख या करवतीच्या दात्यांवरूनच पटते व त्यासाठी ती काढून, काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. एखाद्या देशाच्या यादीत नाव चढायला वर्षे का लागतात, हे यावरून लक्षात यावे.

अर्थात खरोखर नव्याने येऊन दाखल झालेली माशीही असते, आणि तिची बातमी वेगळ्या तऱ्हेने द्यायला हवी. पूर्व आशियातील ‘एल्म झिगझॅग सॉफ्लाय’ २००३ मध्ये युरोपात आढळली, २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २०२० मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात. हिची अळी एल्म वृक्षाचे पान कडेपासून आत नागमोडी खात जाते आणि ही खूण इतकी ठळक असते की ती वर्षानुवर्षे नजरेआड राहिली असेल हे संभवत नाही. या जातीत नर आढळलेले नाहीत. माद्या नराविनाच प्रजोत्पादन करतात, त्यामुळे वाहतुकीतून एक मादी पोहोचली तरी वसाहत उभी राहू शकते. क्वेबेकमधील नोंद तर एका सामान्य निरीक्षकाने आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकलेल्या छायाचित्रांवरून उजेडात आली. पण असा ठळक पुरावा सॉफ्लायच्या फार थोड्या जाती मागे ठेवतात.

आपल्या देशाची स्थिती पाहावी. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या, ब्रिटिशकालीन भारतातील प्राण्यांवरील ग्रंथमालेत बिंगहॅम यांचे मधमाश्या-गांधीलमाश्यांवरील व मुंग्यांवरील खंड अनुक्रमे १८९७ व १९०३ साली निघाले. सॉफ्लायच्या वाट्याला खंड आला नाही. पुढे पतियाळ्याच्या पंजाबी विद्यापीठात मलकियत सिंग सैनी यांनी भारतीय सॉफ्लायवर दीर्घकाळ काम केले. भारतीय प्राणी सर्वेक्षण दरवर्षी जे प्रकाशन काढते, त्यात शास्त्राला नव्या असलेल्या जाती आणि देशात प्रथमच नोंदलेल्या जाती निरनिराळ्या दाखवलेल्या असतात. वार्ताहराने तेवढे पाहून घेतले तरी मथळा चुकणार नाही.

येथे एक गोष्ट मान्य करायला हवी. हा गट समशीतोष्ण प्रदेशात भरभराटीला आलेला आहे, त्यामुळे भारतातील त्याचे खरे वैभव हिमालयात आहे आणि आपल्या सोलापूरच्या कोरड्या माळरानावर त्याच्या डझनावारी जाती निघतील अशी आशा मी धरत नाही. पण थोड्या जाती असणे आणि कोणी न पाहिल्यामुळे थोड्या दिसणे, यांतला फरक पाहिल्याशिवाय कसा कळणार? सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ रानात लोक माळढोक पक्ष्यासाठी दुर्बिणी घेऊन जातात, ते योग्यच आहे. गवतातून कीटकांची जाळी फिरवणारे मात्र विरळा.

आणि हे सारे केवळ हौशीचे प्रकरण नाही. मोहरीवरील काळी माशी म्हणून शेतीच्या पुस्तकांत जिची माहिती असते, ती अथालिया प्रॉक्सिमा ही सॉफ्लायच आहे आणि हिवाळ्यात मुळा, कोबी, मोहरी यांच्या कोवळ्या रोपांवर ती येते. माशी नारिंगी, डोके काळे, पंख धुरकट. अळी हिरवट काळी व सुरकुतलेली असते. बोट लागताच अंगाचे वेटोळे करून मातीत पडते आणि मेल्याचे सोंग घेते. वरवर पाहता ती पतंगाची अळी वाटते, परंतु पोटाखालचे आखूड मांसल पाय मोजावेत: पतंग-फुलपाखरांच्या अळीला ते जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, हिला आठ. डोक्याच्या प्रत्येक बाजूस हिला एकच बारीक डोळा असतो. पतंगाच्या अळीला बहुधा सहा. साध्या भिंगातून हे दिसते.

या मोजणीवर शेतकऱ्याचे पैसे अवलंबून आहेत. कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी विकली जाणारी बीटी जिवाणूची फवारणी पतंगवर्गीय अळ्यांवर चालते. सॉफ्लायच्या अळीवर तिचा उपयोग होत नाही. त्या पतंगाचे कामगंध सापळेही, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढणारे सापळे, या माशीसाठी निरर्थक ठरतात. उलट रोपे लहान असताना सकाळ-संध्याकाळ अळ्या वेचणे आणि पाणी देणे, ज्यात बऱ्याच अळ्या बुडून मरतात, हे बिनखर्चाचे उपाय उपलब्ध आहेत. दुकानात ‘अळी पडली आहे’ एवढेच सांगून बाटली आणणाऱ्याला हे कोण समजावणार? दुकानदाराकडून ती अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल.

प्राणिशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. आपल्याकडच्या महाविद्यालयांत विद्यार्थी दरवर्षी कीटक जमवून पेट्या भरतात, डांबराच्या गोळ्या टाकतात, गुण मिळवतात आणि पेटी कपाटावर जाते. टाचणीखालच्या चिठ्ठीवर ‘माशी’ किंवा ‘भुंगा’ एवढेच लिहिलेले असते. ठिकाण, दिनांक, पकडणाऱ्याचे नाव आणि कीटक कोणत्या झाडावर मिळाला, एवढे त्या चिठ्ठीवर असेल तरच तज्ज्ञ त्याकडे पाहू शकतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, म्हणजे रेल्वेने एका दिवसात जाऊन येण्याजोगे. विद्यापीठाने प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी थोडे गुण या चिठ्ठीसाठी राखून ठेवले तर खर्च काहीच नाही.

आपणाकडे मागणे एवढेच की यापुढे अशी बातमी देताना चार गोष्टी छापाव्यात: जात शास्त्राला नवी की फक्त देशाच्या वा राज्याच्या यादीला नवी, ती कोणत्या वनस्पतीवर मिळाली, कोणी ओळखली आणि नमुना कोणत्या संग्रहात ठेवला आहे. छायाचित्र त्याच जातीचे नसेल तर ते छापू नये. गेल्या बातमीसोबत छापलेले चित्र साध्या घरमाशीचे होते.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर