भरतीच्या पोरांचे गुडघे आणि मेडिकलमधली पाकिटं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यात पोलीस भरतीच्या पोरापोरींची ग्राउंडची तयारी मी करून घेतो, म्हणून हे लिहितोय. जाहिरात आली की सगळे एकदम जागे होतात, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० मार्क, मग काय सकाळ-संध्याकाळ डांबरी रोडवर पळापळ, वर बैठका वेगळ्या, आणि थोड्याच दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं, जिना उतरताना कळ येते. लगेच कुणीतरी सांगतं व्हिटॅमिन डी घे, कॅल्शियम घे, कोलेजनची पावडर घे. घरचे मजुरीच्या पैशातून आणून देतात, ते बघून जीव तुटतो.

अहो हे दुखणं बहुतेक वेळा ताण एकदम वाढवल्यानं येतं. दम लवकर वाढतो पण वाटीखालचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी) तयार व्हायला महिने लागतात, ते कुठल्या गोळीनं लवकर होत नाही.

रक्त तपासून व्हिटॅमिन डी कमी निघालं तर जरूर घ्यावं, आपल्याकडे बऱ्याच जणांचं कमी असतंच. हाडांना उपयोगही दिसलाय, अमेरिकन नेव्हीत नव्याने भरती झालेल्या पाच हजारांवर मुलींचा अभ्यास २००८ ला छापून आला, रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट व्हिटॅमिन डी दिलेल्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणानं हाडाला पडणारी बारीक चीर) साधारण २० टक्के कमी झाले. पण ते हाडाचं झालं, टेंडनचं नाही. आणि डोस बघा, ८०० युनिट! आपल्याकडचं पाकीट ६०,००० युनिटचं, डॉक्टर ते बहुतेक आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच देतात, पोरं ताकद येईल म्हणून रोज दुधात टाकून पितात. हे लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ आणि पुढे किडनीवर येतं. पालकांनी हे तरी लक्षात ठेवा.

कोलेजनचं, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाचा बनतो त्याचं म्हणाल तर, व्यायामाच्या तासभर आधी जिलेटिन (हे कोलेजनपासूनच बनतं) आणि व्हिटॅमिन सी घेतल्यावर रक्तात कोलेजन बनण्याच्या खुणा वाढल्या असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं, पण त्यात होते फक्त आठ धडधाकट पुरुष. तेवढ्यावर महागडा डबा कशाला घ्यायचा? व्हिटॅमिन सी पेरू-आवळ्यात भरपूर आहे.

गुडघा सुधारतो तो पळणं कमी करून (पूर्ण बंद नाही), मातीवर पळून, भिंतीला पाठ टेकून अर्धं बसून राहणं, पायरीवरून सावकाश उतरणं असल्या व्यायामांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं तर आदल्या दिवशी जास्त झालं समजायचं. गुडघा सुजला, अडकला किंवा हाडावर एकाच जागी बोट लावलं तरी दुखत असेल तर थेट डॉक्टर.

क्रीडा खात्यानं भरतीच्या काळात तालुका क्रीडा संकुलात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवावा, आणि तुमच्या पेपरात भरतीची माहिती छापताना शेजारी चार ओळी गुडघ्यावर एखाद्या जाणत्या डॉक्टरकडून लिहून घ्याव्यात ही कळकळीची विनंती.

आपला,
भरतीच्या मुलांचा एक प्रशिक्षक, जि. सातारा