सी हॉक लाकडावर उतरवताना: काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयातल्या सी हॉक या जुन्या लढाऊ जेट विमानाचं चित्र शिवण लाकडाच्या फळीवर, तापवलेल्या टोकाने जाळून पूर्ण झालं. तुमचा हात विमानांवर बसलेला, आमचा लाकडावर. जाळलेली रेघ खोडता येत नाही; फार तर ब्लेडने खरवडायची, पण तिथे खळगा राहतोच. म्हणून जाळायला घेण्याआधी तुम्ही ट्रेसिंगवर केलेल्या लाल खुणांचं मोल मोठं. पत्र जाहीर लिहितोय, ते त्या खुणा इतरांच्याही कामी याव्यात म्हणून.

पहिली खूण शेपटीची. एकच इंजिन म्हटलं की झोताचं तोंड शेपटीच्या टोकाला काढून माणूस मोकळा होतो. सी हॉकमध्ये नीन नावाच्या जेट इंजिनाचा झोत दुभागतो आणि पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला, दोन्ही अंगांनी बाहेर पडतो. शेपूट निमुळती आणि बंद. हवा आत घेणारी तोंडंही पंखांच्या मुळाशीच, पुढच्या कडेला. सगळ्यात गडद काळा या जागांसाठी राखायचा. तो आधीच चाकांवर उधळला की विमान सपाट दिसतं.

दुसरी खूण पोटाची, आणि खरी करामत तिथेच. सावलीचा सर्वांत गडद पट्टा तळाच्या कडेला येत नाही, थोडा वर येतो, कारण धावपट्टीवरचा उजेड परतून पोटावर पडतो. ती फिकट कड ठेवल्यावरच विमानाचं धड गोलाकार दिसतं. चपटं टोक कमी आचेवर ठेवून हात गोल फिरवत तीन-चार थर द्यायचे. आच वाढवून एकाच थरात उरकलं तर डाग पडतात. टोक विमानासारखंच चालत्या गतीत टेकवायचं आणि चालत्या गतीत उचलायचं. थांबलं की रेघेच्या दोन्ही टोकांना काळे ठिपके.

रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मोजत बसू नका, हेही तुमचंच. बारा मीटरचं विमान 36 सेंटीमीटरमध्ये आणलं की 5 मिलिमीटरचा रिवेट 0.15 मिलिमीटर होतो. पत्र्यांचे सांधे तेवढे घेतले. आडवे सांधे लाकडाच्या रेषांबरोबर वाहवतात, उभे कठीण रेषेवर तुटतात. लोखंडी पट्टी लावली तर ती टोकाची उष्णता ओढून घेते. त्यामुळे आधी ब्लेडने हलकी चीर मारायची आणि टोक त्या चिरेतून न्यायचं.

आता फळीबद्दल. ट्रेसिंगआधी 120, 220, 320 नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने मारायचे. मग ओलं फडकं फिरवून, वाळल्यावर उठलेली लव पुन्हा 320 ने काढायची. आपल्याकडच्या पावसाळ्यात फळी दमट राहते, वाफ सुटते, रंग चढत नाही. आच वाढवावी तर पुढच्या कोरड्या भागात एकदम करपते. फळी भिंतीला टेकवू नये, आडव्या पट्ट्यांवर ठेवावी. ट्रेसिंगला कार्बन पेपर नको, त्याची शाई फिकट छटांत दिसत राहते. कागदाच्या पाठीला 4बी पेन्सिल घासली की पुरते. धूर ओढायला पंखा बाहेर तोंड करून लावायचा, टोकावर वारा आला की ते थंड पडतं. प्लायवूड किंवा वार्निश लावलेलं लाकूड तर जाळूच नये.

शेवटी मॅट पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात दिलेत. जवसाचं तेल टाळलं, त्याने शिवण पिवळी पडते आणि पोटावरची ती फिकट कडच हरवते. चित्र थेट उन्हात टांगणार नाही.

देव बरें करूं.

तुमचे,
वास्कोची लाकडावरची मंडळी