मशीनच्या आधी उधारीचं बघा

संपादक महाशय,

अंबड एमआयडीसीत माझं दोन लेथचं वर्कशॉप आहे. नव्याने गाळा घेतलेली पोरं चहाला येतात आणि विचारतात, "काका, मशीन कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, "पैसे किती दिवसांनी येणार?" त्यावर गप्प.

माझंच सांगतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाने माझं बिल सात महिने अडकवलं होतं. बिल फाडलं की जीएसटी मात्र पुढच्याच महिन्यात भरावा लागतो, पैसे येवोत न येवोत. तेव्हा बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. (त्यावर अजून टोमणे ऐकतो.)

२००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. न दिल्यास अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे नोंद, हवी. ती ऑनलाइन आणि फुकट होते. तरी एजंट हजार-दोन हजार उकळतात.

बिलावर उद्यम क्रमांक छापा, माल पोचल्याची सही-शिक्का असलेलं चलन जपून ठेवा. माझ्याकडे ते नव्हतं, भांडणार कशावर? आणि धंद्याचं चालू खातं घरखर्चापासून वेगळंच ठेवा.

– एक वर्कशॉपवाला, सिडको, नाशिक